निळा कृष्ण आणि दीडशे रुपयांचं बासरी-मोरपीस

गॅदरिंगचा मोसम आला, म्हणून पोरांच्या तोंडाला फासतात त्या रंगांबद्दल लिहितोय. कुणाला लागलं तर लागू दे.

दोन वर्षांपूर्वी भाचा शाळेत कृष्ण झाला होता. वय सहा. पितांबर भाड्याने आणलं होतं पाचशेला, बासरी-मोरपीस दीडशेचं. आणि तोंडाला? दुकानातून पुडीत बांधून आणलेली सुटी निळी पूड, खोबरेल तेलात कालवून. त्यावर कुणाचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, तारीख नाही. मी गेली अठरा वर्षं हौशी नाटकांची रंगभूषा करतो आणि घरातलं हे मला फोटो आल्यावर कळलं!

रात्री रंग निघेना. बहिणीने आंघोळीचा साबण लावून घासणीने घासलं. सकाळी कानामागे आणि गळ्यावर लालभडक चट्टे, एक पापणी सुजलेली. त्वचेच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, निम्मं रंगानं केलंय, निम्मं तुमच्या घासणीनं. बहीण म्हणाली, "दादा, एका दिवसाचा तर प्रश्न होता." हे वाक्य मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रंगपटात (मेकअपच्या खोलीत) ऐकतो.

जुन्या नाटकवाल्यांच्या पेटीत सफेदा, हिंगूळ, मुर्दाडशिंग अशा रंगांच्या पुडी असायच्या. हिंगुळात पारा, मुर्दाडशिंगात शिसं. सफेदाही पूर्वी शिशाचा असे. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे आहे. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा वस्तूंमध्ये वापरायच्या रंगांत दहा लाख भागांत शिसं 20 पेक्षा आणि आर्सेनिक 2 पेक्षा जास्त चालत नाही. पण हा नियम प्रसाधनांचा. रांगोळी, पोस्टर कलर, भिंतीच्या डिस्टेंपरची पूड यांना तो लागूच नाही, कारण ते तोंडाला फासण्यासाठी बनवलेलेच नसतात. पोस्टर कलरच्या बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं दाखवून एक बाई माझ्याशी चांगल्याच भांडल्या होत्या. अहो, ते कागदावर वापरताना थोडं बोटाला लागलं तर, या अर्थाचं आहे. चार तास दिव्याखाली घामाघूम गालावर राहिलं तर, या अर्थाचं नाही.

चंदेरी गांधीजींचा पुतळा हा तर माझा खास राग. ॲल्युमिनियमची भुकटी घासलेटात किंवा थिनरमध्ये कालवून पोराला नखशिखान्त रंगवतात. थिनरने कातडी कोरडी पडून फुटते आणि वास थेट छातीत जातो. पुतळा व्हायचंच असेल तर पांढऱ्या पॅनकेकचा (रंगभूषेच्या वडीचा) व्हा की! संगमरवरी म्हणा.

दुसरी गोष्ट स्पंजची. एकच ओला स्पंज तीस पोरांच्या तोंडावरून फिरतो, एकच काजळकांडी तीस डोळ्यांत. एकाचे डोळे आलेले असले की आठवड्यात वर्ग अर्धा रिकामा. मी घरचे जुने सुती पंचे फाडून प्रत्येकाला वेगळा तुकडा देतो, खर्च शून्य. क्राफ्टची चमकी डोळ्याजवळ तर अजिबात नको, तिच्या कडा बुबुळाला ओरखडा काढतात.

मिशी-दाढी चिकटवायच्या स्पिरिट गममध्ये राळ असते, ती कित्येकांना सोसत नाही. अशी ॲलर्जी लगेच दिसतेच असं नाही, कधी एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून प्रयोगाच्या सकाळी हाताला लावून बघण्यात अर्थ नाही, दोन-तीन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवायचं. आणि काढताना मिशी ओढायची नाही. खोबरेल लावा, पाच मिनिटं गप्प बसा, मऊ कापडाने टिपा. रंगही तसाच काढायचा.

यंदा भाचा मावळा आहे. शाळेचा निरोप आलाय, 'मिशी चिकटवून पाठवावी'. चिकटवणार नाही, भुवईच्या पेन्सिलीने काढणार. परवा त्याच्या कोपरात एक रेघ ओढून ठेवली, तर पठ्ठ्या वर्गभर बाही वर करून दाखवत फिरला, "माझी मिशी सध्या इथे आहे."