रेडिएशन ‘एकदाच जोरात’ का देत नाहीत?

‘रेडिएशन सात आठवडे चालवतात ते बिल वाढवायला. रोजच्या मधल्या वेळात कॅन्सरच्या पेशी दुरुस्त होतात, म्हणून एकदाच जोरात द्यायला सांगा. दोन-चार दिवस चुकले तरी काही बिघडत नाही.’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो वाचून कुणी उपचार मध्येच सोडू नयेत, म्हणून हे उत्तर.

पेशी दुरुस्त होतात, हे खरं आहे. 1 ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) डोसने पेशीतल्या डीएनएचा एकच धागा सुमारे हजार ठिकाणी तुटतो. दोन्ही धागे एकदम तुटतात ते साधारण 40 ठिकाणी. मारक ठरतात ते हे दुसरे. एटीएम हे एन्झाइम धोक्याची वर्दी देतं, केयू प्रथिनं तुटलेली टोकं धरतात, लायगेज-4 ती सांधतं. बरंचसं काम काही तासांत उरकतं. पण हीच दुरुस्ती निरोगी पेशींतही चालते, आणि मजकुराने नेमकं तेच गाळलंय.

आता ‘एकदाच जोरात’चा हिशेब. तोंडाच्या कॅन्सरला रोज 2 ग्रे, 35 वेळा, एकूण 70 ग्रे. अल्फा-बीटा गुणोत्तर (हा आकडा जितका कमी, तितका एकेका मोठ्या डोसचा त्रास जास्त) गाठीचं 10 आणि उशिरा बाधणाऱ्या निरोगी ऊतींचं 3 धरलं, तर जैविक परिणाम गाठीवर 84 आणि ऊतींवर 117 येतो. गाठीवर जवळपास तेवढाच परिणाम 7 ग्रेच्या 7 डोसांत साधायला गेलं, तर ऊतींवरचा आकडा 163 वर जातो. म्हणजे गाठीला जास्त काहीच नाही. पुढे काही महिन्यांनी, वर्षांनी जबड्याचं हाड कुजण्याचा, तोंड न उघडण्याचा धोका मात्र वाढतो. शिवाय ऑक्सिजन न पोचणाऱ्या पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. रोजच्या डोसांमुळे गाठ आकसत जाते तसा तिथे ऑक्सिजन पोचू लागतो.

बिलाचं म्हणाल, तर जिथे कमी डोसांत भागतं तिथे ते कमी केलेच आहेत. स्तनाच्या कॅन्सरसाठी ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत (2020) आठवड्याभरातले एकूण 26 ग्रेचे 5 डोस, एकूण 40 ग्रेच्या 15 डोसांपेक्षा कमी पडले नाहीत.

सगळ्यात घातक आहे शेवटचं वाक्य. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात. त्यानंतर लांबलेला प्रत्येक दिवस अंदाजे 0.6 ग्रे डोस खाऊन टाकतो. दिवस चुकलाच तर तो शनिवारी, किंवा एकाच दिवशी किमान 6 तासांच्या अंतराने दोन डोस देऊन भरून काढतात. हे 6 तास निरोगी ऊतींच्या दुरुस्तीसाठी असतात, ते कमी करून चालत नाही. तोंड सोलवटलं, गिळता येईना, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. नाकातून नळी घालून आहार देता येतो आणि रेडिएशन चालू ठेवता येतं.