ख्रिश्चन घरात लेकरू सांभाळायला दिलं म्हणजे त्याचा धर्म बदलला का?

लातूर-धाराशिवकडच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. ख्रिश्चन कुटुंबं अनाथ मुलं सांभाळायला घेतात ती धर्मांतरासाठी, वरून सरकारचे पैसे खातात, शेवटी मूल आपल्या नावावर करून घेतात, आणि या नादात पोटच्या लेकरांवर अन्याय करतात, असं त्यात आहे. आमच्या घरी असं एक लेकरू आहे, फॉस्टर केअर म्हणतात ते, सरकारी भाषेत प्रतिपालकत्व, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळायचं, म्हणून मला गप्प बसवत नाही. लेकराचं नाव-गाव मात्र सांगणार नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने ओळख उघड करायला मनाई आहे आणि नसती तरी सांगितलं नसतं.

पहिलं म्हणजे आम्ही मूल "घेत" नाही, घेताच येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४४ आहे, त्यानुसार बाल कल्याण समिती आदेश काढते तेव्हाच लेकरू घरात येतं. त्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं घरी येतात, घर बघतात, सगळ्यांशी बोलतात. पास्टरच्या चिठ्ठीवर लेकरू मिळत नाही. आणि दिल्यावर विसरूनही जात नाहीत, समितीने दर महिन्याला पाहणी करायची असं त्याच कलमात लिहिलंय.

आता धर्माचं, कारण खरा राग तिथंच आहे. आमच्या घरी संध्याकाळी प्रार्थना होते, ती लेकरू आलं म्हणून बंद केली नाही, लपवूनही करत नाही. पण ते बसलंच पाहिजे असं नाही, त्याच्या बाप्तिस्म्याचा तर प्रश्नच येत नाही, कारण कायद्याने आम्ही त्याचे आई-बाप झालेलो नाही, सांभाळणारे आहोत. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केलाय, त्याचं २० वं कलम म्हणतं की घराबाहेर वाढणाऱ्या मुलाचा धर्म, संस्कृती आणि भाषा तुटू नये याची काळजी घ्या. म्हणून येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, आली की लेकराला शेतात जायचं असतं, भज्जी आणि आंबील पाहिजे असते, आम्ही सगळे जातो. दिवाळीत आकाशकंदील लागतो, नाताळात तारा लागतो. हे करताना माझ्या विश्वासाला कुठंच धक्का लागला नाही, उलट एवढ्याशा जीवाच्या भीतीचा फायदा घेऊन त्याला आपल्या देवाकडं ओढायचं हेच मला पाप वाटतं, आणि असं कुणी करत असेल तर त्याची तक्रार समितीकडे झालीच पाहिजे, तो आमच्या चर्चचा असला तरी.

पैशाचं. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत एका लेकरामागं महिन्याला ४००० रुपये आहेत. शाळेची वही-दप्तर, दवाखाना, कपडे, रोजचं दूध, यात काय उरतं ते घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. आणि वाढत्या लेकराला रात्री दचकून उठल्यावर जवळ घ्यायचे पैसे कोणी देत नसतं.

"नावावर करून घेतात" हे तर दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. दत्तक ही वेगळी प्रक्रिया, अशा अनाथ किंवा सोडलेल्या मुलांची ती कारा, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणामार्फतच होते, परस्पर केलं तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. जे मूल दत्तक जाऊ शकतं ते लांब मुदतीच्या फॉस्टर केअरमध्ये द्यायचंच नाही असं कलम ४४ म्हणतं. पुढे मूल दत्तकासाठी मोकळं झालं आणि त्याच घरात दोन वर्षं झाली असली तर सांभाळणारे दत्तकाचा विचार करू शकतात, पण तेही कागदोपत्री त्याच वाटेने. फॉस्टर केअरमध्ये येणाऱ्या कित्येक लेकरांची आई किंवा बाप हयात असतात, कुणी दारूत, कुणी आजारात, कुणी जेलात. समितीला योग्य वाटलं तर त्यांनी भेटायला यायचं आणि सावरले की लेकरू परत न्यायचं, हे कायद्यातच आहे. जाईल त्या दिवशी मी रडणार आहे, हो, पण म्हणून त्याला आपल्या माणसांपासून तोडायचं का?

पोटच्या लेकरांचं एवढंच सांगते, सुरुवातीला भांडणं होतात, जागेवरून, मोबाईलवरून, आईच्या शेजारी कोण झोपणार यावरून. ती सगळ्याच भावंडांत होतात.

आणि लेकरं हिंदू घरातच राहावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांना माझी हात जोडून विनंती, तुम्ही पुढं या. कायदा सगळ्यांना एकच आहे, लग्न झालेलंच पाहिजे असंही नाही, २०२४ च्या नव्या सूचनांनुसार ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते, फक्त एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. बालगृहातल्या लेकरांना घरं पाहिजेत, आणि तुमच्या घरात एखादं गेलं तर मला आनंदच होईल.