मंडळाच्या शीटमध्ये ‘एकूण जमा’ हाताने लिहू नका

गणपती जवळ आले की इंदूरच्या आपल्या मंडळांमध्ये वर्गणीची गूगल शीट फिरू लागते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशी भागाला एक ओळ आणि पुढे ‘एकूण जमा’. वर्गणी आणली की ज्याने त्याने तो आकडा वाढवायचा. माझं स्पष्ट म्हणणं आहे, ही मांडणी बंद करा. हिशेबात फरक पडतो तो इथेच, आणि संशय मात्र जिने चढून पैसे गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यावर येतो.

नेमकं काय होतं बघा. लोकमान्य नगरच्या सेलमध्ये ४५०० आहेत. एकाने ५०१ आणले, दुसऱ्याने ११००. दोघांनी एकाच वेळी मोबाइलवर शीट उघडली, ४५०० पाहिले आणि आपापली बेरीज केली. पहिल्याने ५००१ लिहिलं, दोन सेकंदांनी दुसऱ्याने ५६००. हवे होते ६१०१, राहिले ५६००. शीट कसलीही सूचना देत नाही, कारण तिच्या लेखी चूक झालेलीच नसते. शेवटी आलं ते राहिलं.

मग गूगल डॉक्समध्ये दोघं एकाच परिच्छेदात लिहितात तेव्हा दोघांची अक्षरं कशी टिकतात? तिथे ‘अमुक जागी अमुक अक्षर घातलं’ असा एकेक बदल जातो आणि दुसऱ्याच्या बदलाप्रमाणे ती जागा सरकवून घेतली जाते. या पद्धतीचा पाया एलिस आणि गिब्ज या संगणक संशोधकांनी १९८९ मध्ये घातला. सेलमध्ये मात्र अख्खा आकडा जातो. ५६०० मध्ये ११०० ची भर आहे, हे मशीनला कळणार कुठून?

कागदी पावतीपुस्तकांना ही अडचण कधीच आली नाही. एकाकडे १ ते ५०, दुसऱ्याकडे ५१ ते १००. दोघांची पेनं एका पानावर येतच नाहीत. शीटमध्ये हेच आणायचं.

एक पावती, एक ओळ. तारीख, भाग, पावती क्रमांक, नाव, रक्कम, रोख की यूपीआय, कोणी घेतली. क्रमांक छापील पुस्तकातलाच टाका. ‘शेवटच्यात एक मिळवा’ केलंत तर दोघांना एकच क्रमांक मिळतो. ओळी हाताने भरण्यापेक्षा गूगल फॉर्म कितीतरी बरा, कारण प्रत्येक सबमिटला स्वतंत्र ओळ पडते आणि टक्कर व्हायला जागाच उरत नाही. भागवार बेरीज दुसऱ्या टॅबवर सम-इफ (SUMIF) सूत्राने काढा, ते फक्त त्या भागाच्या ओळींची बेरीज करतं. फॉर्मच्या उत्तरांशेजारी सूत्र लिहून ठेवू नका, नव्या ओळीत ते आपोआप उतरेलच असं नाही. बेरजेचा टॅब ‘डेटा’ मेनूतल्या ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’मधून खजिनदारापुरता बंद करा.

सॉर्टबद्दल थोडं कडक बोलतो. सरळ सॉर्ट केलं, म्हणजे ओळींचा क्रम लावला, की ओळी सगळ्यांच्याच हलतात. समोरचा पाचव्या ओळीत रक्कम भरायला निघालेला असतो आणि तिथे भलतंच नाव येऊन बसतं. स्वतःपुरतं पाहायचं असेल तर फिल्टर व्ह्यू करा, त्यातला क्रम इतरांना दिसत नाही. पण त्यात बदललेला आकडा सगळ्यांसाठी बदलतो, हे विसरू नका.

चूक झालीच तर घाईने जुनी आवृत्ती रिस्टोअर करू नका. ती अख्ख्या फाइलवर लागू होते. मधल्या दोन तासांत इतरांनी भरलेल्या पावत्याही शीटवरून जातात. आधी त्या सेलवर राइट क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ बघा, कोणी कधी काय बदललं ते बहुतेकदा तिथे सापडतं. जास्त बिघडलं असेल तर जुन्या आवृत्तीची वेगळी प्रत काढा आणि हव्या तेवढ्याच ओळी उचला.

काही मंडळं अजून एक्सेल वापरतात. वापरा, पण फाइल वनड्राइव्हवर, एक्सएलएसएक्स (.xlsx) स्वरूपात आणि ऑटोसेव्ह चालू ठेवून. ऑफिसच्या साध्या शेअर्ड फोल्डरमध्ये दुसऱ्याला ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’ येतं, तो रीड-ओन्ली उघडतो, बदल करतो आणि ‘फायनल २’ नावाने सेव्ह करतो. तिथून दोन हिशेब सुरू होतात. फाइल कोणीच उघडलेली नसताना ती अडकलेली दिसली, तर त्याच फोल्डरमध्ये टिल्ड आणि डॉलरच्या चिन्हाने (~$) सुरू होणारी छोटी लपलेली फाइल उरलेली असते. सगळ्यांनी एक्सेल बंद केल्याची खात्री करूनच ती काढा. आणि एक्सेलची फाइल व्हॉट्सॲपवर भरायला पाठवू नका. पाच जणांना पाठवली की पाच फाइली झाल्या.

अनंत चतुर्दशीनंतर हिशेब छापायला देण्याआधी फॉर्म बंद करा, सगळ्यांची परवानगी ‘व्ह्यूअर’ म्हणजे फक्त पाहण्यापुरती करा आणि मगच आकडा घ्या. पुस्तकांतल्या फाडलेल्या पावत्या मोजा, रद्द झालेल्या वजा करा. शीटमधल्या ओळी तेवढ्याच भरायला हव्यात. कमी भरल्या तर कोणत्या पुस्तकातला कोणता क्रमांक राहिला, ते लगेच दिसेल.