पट लागल्यानंतरची कुस्ती

आमच्या बेळगाव भागातल्या तालमींत पोरांना कुस्ती शिकवण्याची एक ठरलेली रीत आहे आणि ती वाईट आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. आधी पवित्रा, मग खडाखडी म्हणजे उभ्याने एकमेकांची ताकद चाचपणे, मग एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून त्याला खाली घेणे), दुहेरी पट (दोन्ही पाय धरून), भारंदाज, टांग, ढाक आणि प्रतिस्पर्ध्याला खाली घेतल्यावर घिस्सा, सवारी, झोळी, एकलंगी, मोळी. प्रत्येक डावाला त्याचा तोड असतो आणि तोही वस्ताद हौदात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, उतरून घोटून घेतात. पण डाव अर्धाच लागला, समोरच्याचा तोडही अर्ध्यावर अडकला, हातपाय एकमेकांत गुंतले आणि कब्जा ना याचा ना त्याचा, अशी जी अवस्था येते, तिच्याविषयी तालमीत जवळजवळ काहीच शिकवले जात नाही. अमेरिकेतले मल्ल तिला स्क्रॅम्बल म्हणतात, आपण झटापट म्हणू. माझे स्पष्ट मत असे आहे की, आजच्या कुस्तीत पुष्कळ निकाल याच झटापटीत लागतात आणि तिथे स्वतःच्या डोक्याने काही तरी निराळे करणाऱ्या पोराला ‘वेडेवाकडे खेळतो’ म्हणून गप्प बसवण्याची आपली सवय आपल्याच मल्लांना महाग पडते आहे.

यात्रेच्या मैदानाचा वृत्तान्त दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचून पाहावा. अमुकने पाचव्या मिनिटाला दुहेरी पट काढून तमुकला खाली घेतले, मानेवर घुटना ठेवून फिरविण्याचा प्रयत्न केला, पण तमुकने त्यातून सुटका करून घेतली. पुढचे वाक्य थेट घिश्श्यावर जाते. ती सुटका कशी झाली, कोणता हात कुठे गेला, कंबर कोणत्या बाजूला वळली, हे कधीच छापून येत नाही. वार्ताहराला मी दोष देत नाही. त्याला तरी ते कोण समजावून सांगणार?

येळ्ळूरच्या महाराष्ट्र मैदानात पाहिलेली एक कुस्ती सांगतो. जोड मोठी नव्हती, दोन्ही पोरे वजनाने हलकी. एक कंग्राळीकडचा, दुसरा दावणगेरेच्या क्रीडा वसतिगृहातला. दावणगेरेच्या पोराने एकेरी पट असा साफ काढला की डावा पाय थेट त्याच्या छातीशी गेला. आपला गडी एका पायावर लंगडी घालू लागला. अशा वेळी पोरे साधारणपणे पाय झटकून पाहतात आणि नाही जमले तर पालथी पडून माती धरून बसतात. याने दोन्ही केले नाही. तो प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवरून पुढे वाकला, वरून हात घालून मांड्यांच्या मधून पलीकडची मांडी कवटाळली आणि पकडलेला पाय सोडवण्याचा नादच सोडून दिला. समोरच्याने उचलून आपटायला जोर लावला, तेव्हा त्याच जोरावर हा उजव्या खांद्यावरून लोळला. एक क्षण असा होता की उजवा खांदा मातीला लागलेला होता आणि डावा वीतभर वर होता. त्या वीतभर अंतरासाठी त्याने डावे कोपर मातीत खुपसून ठेवले होते, ते मला बसल्या जागेवरून स्वच्छ दिसले. एका कडेने ‘बिडब्याड, बिडब्याड’ (सोडू नको) आणि दुसऱ्या कडेने ‘कोपर काढू नको’ असा कन्नड-मराठी कल्लोळ चालला होता. लोळण पूर्ण झाली, तेव्हा हा वर होता आणि दावणगेरेचा पोरगा पालथा. पुढे घिश्श्यावर निकाल झाला.

माझ्या शेजारी एक जुने वस्ताद बसले होते, ज्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. ते म्हणाले, ‘‘ह्येला काय कुस्ती म्हणत्यात व्हय? नशिबानं सुटलं पोर.’’ मी म्हणालो, ‘‘वस्ताद, कोपर नशिबानं नाही रोवलेलं.’’ त्यांनी पटका सारखा केला आणि पुढच्या जोडीकडे पाहू लागले. ते कोपर कोणी शिकवलेले नव्हते, पोराने ते स्वतः पडून पडून शोधले असणार. आणि जे एका पोराला पडून पडून सापडते, ते दहा पोरांना शिकवता येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

या बाबतीत अमेरिकेच्या बेन ॲस्क्रेनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मिझुरी विद्यापीठाचा हा मल्ल २००४ आणि २००५ अशी सलग दोन वर्षे तिथल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम फेरीत क्रिस पेंडलटन या एकाच मल्लाकडून हरला. नंतर २००६ आणि २००७ मध्ये तो एकही कुस्ती न हरता विजेता झाला आणि तिथल्या सर्वोत्तम कॉलेज मल्लाला मिळणारी हॉज ट्रॉफी त्याने दोन्ही वर्षे घेतली. शरीरयष्टी पाहून कोणाचे डोळे दिपावेत असा तो नव्हता. त्याची रीत अशी होती की, समोरचा पटाला आत आला की हा पाय मागे फेकून छातीने दाबण्याऐवजी पाय बिनधास्त त्याच्या हाती राहू द्यायचा, स्वतः त्याच्या पाठीवर वाकायचा, मांड्यांत हात घालायचा, लोळायचा आणि उठताना वर असायचा. पट काढणाऱ्याला वाटे आपण दोन गुणांच्या दारात आहोत, पण ॲस्क्रेनच्या दृष्टीने कुस्ती तिथून सुरू होत असे. त्या गुंत्यात तो रोज सराव करत होता आणि प्रतिस्पर्धी तिथे क्वचितच गेलेला असायचा. सगळे मर्म यात आहे.

मात्र ही विद्या जशीच्या तशी उचलून आपल्या हौदात आणता येणार नाही, आणि मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून लोळणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीत स्वतःच्या पाठीवरून झटकन लोळून गेले तर त्याची किंमत मोजावी लागत नव्हती. पुढे तिथेही झटापटीत पाठ मॅटकडे करून रेंगाळणाऱ्याविरुद्ध पंचाने तीनपर्यंत मोजून समोरच्याला गुण देण्याचा नियम आला. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलमध्ये तर पाठ मॅटकडे ९० अंशांच्या पलीकडे झुकली की प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात दोन गुण जाऊ शकतात. स्वतः ॲस्क्रेन २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७४ किलो गटात दुसऱ्याच कुस्तीत क्यूबाच्या इव्हान फुंदोराकडून हरून बाहेर पडला. आणि आपल्या मातीत हिशेब याहून कडक आहे. दोन्ही खांदे टेकले की खेळ खलास, तिथे दोन गुण देऊन पुढे चालू असा प्रकार नाही. शिवाय मातीत लंगोटाला हात घालता येतो आणि अंगावर माती टाकली की घामाने निसटणारी पकड पुन्हा बसते, त्यामुळे मॅटवर जी लोळण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पूर्ण होते, ती मातीत मध्येच अडकू शकते. अडकली की वरचा तुम्हाला आसमान दाखवणारच.

तरीही मी हे मातीतल्या पोरांना शिकवा म्हणतो, त्याला कारण आहे. येळ्ळूरच्या त्या पोराने जे केले, ते मातीचा नियम अंगात मुरलेला असल्यामुळेच केले. अमेरिकेतला मल्ल बेधडक दोन्ही खांद्यांवरून गेला असता, हा एका खांद्यावरून गेला आणि दुसऱ्याच्या रक्षणासाठी कोपर रोवून राहिला. फ्रीस्टाइलच्या मॅटवर नेमकी हीच सावधगिरी उपयोगी पडते, कारण तिथेही पाठ किती वळली आणि कोणाच्या जोराने वळली, यावरच पंच गुण ठरवतात. म्हणजे आपल्या हौदात तयार झालेली झटापट मॅटवर अधिक टिकाऊ ठरू शकते. मातीतल्या माणसाला चितपटीचे जे भान असते, तेही तिथे वाया जात नाही. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत रवी दहिया कझाकस्तानच्या नुरिस्लाम सनायेवविरुद्ध २-९ असा मागे पडला होता. गुणांच्या हिशेबाने कुस्ती गेल्यात जमा होती, पण शेवटच्या टप्प्यात त्याने प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि गुणफलकाचा प्रश्नच मिटवला.

नियम बदलले की शिकावे लागते, याचा दाखला तर आपल्याच मुलखातला आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. त्या स्पर्धेआधी त्यांना अमेरिकेच्या रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन मिळाले होते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मातीतला मल्ल चार वर्षांनी हेलसिंकीला ब्राँझपदक जिंकून आला. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता आणि तो त्यांनी सोडला नाही. नव्या मॅटवर, नव्या नियमांत तो वापरायचा कसा, ते मात्र त्यांना शिकावे लागले.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप गुडघ्यांचा आहे आणि तो खरा आहे. पाय समोरच्याच्या हातात ठेवून कंबर फिरवताना गुडघा पिळला जातो. कोवळ्या वयात आणि मोठ्या वजनाच्या जोडीदारासोबत हा सराव देऊ नये, याबद्दल माझे दुमत नाही. दुसरा आक्षेप असा की, अशाने पोरे खडाखडी आणि पट शिकायचेच टाळतील. हाही निराधार नाही. पाया नसलेला पोरगा झटापटीत शिरतो, तो बहुतेक वेळा स्वतःच्या चुकीने शिरलेला असतो. पण ‘ही आपली परंपरा नाही’ हा जो तिसरा आक्षेप आहे, तो मला मान्य नाही. कलाजंग काय किंवा धोबीपछाड काय, पहिल्यांदा ज्याने मारला असेल, त्याच्या वस्तादाने तरी तो कोणत्या यादीत पाहिला असणार? अमेरिकेत ग्रॅन्बी रोल म्हणून जी लोळण आज शाळकरी पोरांना शिकवतात, तिला व्हर्जिनियातल्या एका हायस्कूलचे नाव आहे. एका शाळेच्या आखाड्यातली खोड पुढे सगळ्यांचा धडा झाली.

करायचे काय, तर फार मोठे काही नाही. संध्याकाळच्या जोडीच्या सरावात शेवटची काही मिनिटे उभ्याने सलामी न देता थेट गुंत्यातून सुरुवात करावी. एकाच्या हातात दुसऱ्याचा पाय, दुसऱ्याचा हात त्याच्या मांडीत, आणि मग वस्तादांनी ‘चला’ म्हणावे. कोणाचा तरी पूर्ण कब्जा होईपर्यंत सोडवू नये. आपल्याकडे पोरे गुंतली की वस्ताद लगेच सोडवून पुन्हा उभी करतात. त्यामुळे ज्या जागी शिकण्यासारखे सर्वांत जास्त असते, ती जागाच सरावातून वगळली जाते. बेळगावची, खानापूरची, निपाणीची जी पोरे कोल्हापूरला गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत जातात, त्यांना तिथे राज्याबाहेरच्या मल्लांशीही अंग लावावे लागते. हरियाणाच्या पोराने पाय धरला की पुढे काय, हे त्यांना घरच्या हौदातच थोडेफार कळलेले असावे.

मैदान भरवणाऱ्या मंडळींनाही एक विनंती आहे. पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीसाठी बाहेरून नामांकित मल्ल आणायचे, त्यांनी बराच वेळ नुसती खडाखडी करायची आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवायची, याला लोक कंटाळले आहेत. हलगी थांबली की लोकांच्या शिट्ट्या सुरू होतात, हे पंचांनाही ऐकू येते. खरी चटकदार कुस्ती खालच्या जोडींत होते आणि तिचे इनाम शंभर-दोनशे रुपयांत आटोपले जाते. आपल्याकडे मेंढ्याची कुस्ती म्हणून, मेंढा इनाम ठेवून, एक खास जोड लावण्याची प्रथा आहेच. येत्या यात्रांना ती जोड हलक्या वजनाच्या, मोकळेपणाने खेळणाऱ्या पोरांची लावावी, पंचांनी गुंता झाला म्हणून मध्ये हात घालू नये आणि निकाल लागेपर्यंत थांबावे. मेंढा ज्याला मिळायचा त्याला मिळेल. हरलेल्या पोरालाही वस्तादांनी दुसऱ्या दिवशी हौदात बोलावून ‘काल पाय धरल्यावर काय करत होतास, पुन्हा करून दाखव’ एवढे विचारावे.