यीस्टच्या तोंडी कोण लागणार

आमच्या लॅबमध्ये शिरलं की ताज्या पावाचा वास येतो. पाव मात्र मिळत नाही.

यीस्टकडून माणसाचा एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं निरोप घेणारं प्रोटीन, बनवून घ्यायचा, हे माझं पीएचडीचं काम. रिसेप्टरचं नाव बीटा-२ अॅड्रेनर्जिक. बाबा दम लागला की पंप ओढतात, त्यातलं औषध ज्याला जाऊन चिकटतं तोच हा. घरी एवढं समजावलं, तर बाबा म्हणाले, "यीस्टलाही दमा असतो?" आई म्हणाली, "त्यापेक्षा बेकरी टाकायचीस."

बरं, काम नवीनही नाही. १९९० सालीच अमेरिकेत रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि मंडळींनी हाच रिसेप्टर यीस्टमध्ये बसवला. जोडीला सस्तन प्राण्याकडचं आणखी एक प्रोटीन दिलं आणि औषध टाकलं, तर यीस्टला वाटलं, स्थळ आलं! जोडीदाराचा निरोप आला की यीस्टची पेशी वाढ थांबवून लग्नाच्या तयारीला लागते. (हे मावशीला कळू देऊ नका. माझी पीएचडी थांबवायला ती टपलेलीच आहे.)

माझ्या यीस्टचे नखरे वेगळे. रिसेप्टरच्या जनुकाचा स्विच गॅलॅक्टोज नावाच्या साखरेवर चालू होतो, पण ग्लुकोज शिल्लक असेल तर यीस्ट गॅलॅक्टोजकडे ढुंकूनही बघत नाही. ताटात श्रीखंड असताना दुधीची भाजी कोण खाईल? म्हणून रात्री अकराला पेशी धुवायच्या, गॅलॅक्टोजमध्ये घालायच्या, तीस अंशांवर हलत ठेवायच्या.

आणि वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रोटीन बनलं असेल तर पट्टी दाखवणारी चाचणी, कोरा! चार महिने कोरा. मी प्रोटीन हुडकणाऱ्या अँटिबॉडीला शिव्या दिल्या, जनुक यीस्टमध्ये नेणारं डीएनएचं कडं, म्हणजे प्लाझ्मिड, बदललं. यीस्टच्या पेशीच्या पटलात माणसासारखं कोलेस्टेरॉल नसतं, एर्गोस्टेरॉल असतं. म्हटलं, पाहुण्याला हवा मानवत नसेल. गाइड म्हणाले, "परत करून बघ." गाइड नेहमी हेच म्हणतात.

शेवटी नव्या ज्युनियरने विचारलं, "ताई, सॅम्पल उकळता का तुम्ही?"

म्हणजे काय! पंचाण्णव अंश, पाच मिनिटं. सगळेच उकळतात.

पण हा रिसेप्टर पटलातून सात वेळा आरपार गेलेला. उकळला की त्याचा गोळा होतो आणि ज्या जेलीसारख्या थरातून प्रोटीनं पळवतात, त्या जेलच्या तोंडाशीच तो अडकून बसतो. जेलचा तेवढा वरचा तुकडा मी दर वेळी नीट कापून कचऱ्यात टाकत होते.

पुढचं सॅम्पल नुसतं सदतीस अंशांवर ठेवलं. पट्टी आली. जरा फराटलेली, पण आली. रात्री एक वाजता आईला फोन केला.

"म्हणजे चार महिने तू ते उकळून फेकत होतीस?" आई म्हणाली. "आणि मला सांगतेस, पालकाचं पाणी ओतू नकोस!"