रॉक वाजवायला उत्पन्नाचा दाखला लागतो का?

गेल्या काही दिवसांपासून नागपुरातल्या वादकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की रॉक हे कामगारांच्या मुलांनी जन्माला घातलेले संगीत आहे. ज्याने उपास काढले नाहीत त्याला ते खरेपणाने वाजवता येत नाही. सुखवस्तू मुलांनी त्यात शिरून ते निर्जीव केले. आणि भारतात ते श्रीमंतांचेच खूळ असल्यामुळे धरमपेठ-रामदासपेठेतल्या मुलांनी रॉकचा आव आणू नये. मी या शहरात अनेक वर्षे गिटार शिकवतो. हा मजकूर वाचून माझ्या एका विद्यार्थ्याला त्याच्याच सोबत्यांनी ‘बापाच्या पैशाचा रॉक’ असे हिणवले आणि त्याने सरावाला येणे बंद केले. म्हणून यातले एकेक विधान तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

जन्माच्या दाव्यापासून सुरुवात करू. एल्विस प्रेस्ली अमेरिकेतल्या टुपेलो गावी दोन खोल्यांच्या घरात जन्मला आणि गाणे हाती लागण्यापूर्वी ट्रक चालवत होता, हे खरे आहे. पण ज्याच्या गिटारवादनावर पुढच्या पिढ्या शिकल्या, त्या चक बेरीचे वडील बांधकाम कंत्राटदार होते आणि आई शाळेची मुख्याध्यापिका होती. बीटल्स या बँडमध्ये जॉर्ज हॅरिसनचे वडील बसचालक होते आणि रिंगो स्टारचे बालपण लिव्हरपूलच्या गरीब वस्तीत, बरेचसे आजारपणात गेले. जॉन लेनन मात्र मावशीच्या नीटनेटक्या मध्यमवर्गीय घरात वाढला. रोलिंग स्टोन्स या बँडचा गायक मिक जॅगर हा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचा मुलगा, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होता. म्हणजे सुरुवातीपासून हे संगीत एका वर्गाचे नव्हतेच. निरनिराळ्या घरांतली मुले एका खोलीत बसली, तेव्हा ते घडले.

दुसरे विधान, म्हणजे सोसल्याशिवाय खरेपणा येत नाही हे, ऐकायला भारदस्त वाटते. म्हणूनच ते अधिक घातक आहे. कारखान्यातल्या माणसांची गाणी लिहिणारा अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन हा बसचालकाचा मुलगा असला, तरी आपण स्वतः कधी कारखान्यात काम केले नाही हे त्याने रंगमंचावरून उघडपणे सांगितले आहे. द क्लॅश या बँडचा गायक जो स्ट्रमर हा ब्रिटिश परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, अंकारात जन्मलेला आणि निवासी शाळेत शिकलेला. बेकारी आणि वंशद्वेष यांच्याविरुद्धची त्याची गाणी त्यामुळे खोटी ठरत नाहीत, कारण ज्यांच्याविषयी तो गात होता त्यांच्याकडे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले होते. शिवाय माणसाचा वर्ग जन्मभर एकच राहतो असे तरी कुठे आहे? क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरल्या पारशी सरकारी रोखपालाचा मुलगा. त्याला पाचगणीच्या निवासी शाळेत ठेवले होते आणि तिथेच तो पियानो शिकला. पण 1964 च्या क्रांतीत कुटुंबाला झांझिबार सोडावे लागले आणि पुढे हाच मुलगा हीथ्रो विमानतळावर सामान उचलत होता. त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे, हे या मजकुराच्या लेखकाने सांगावे.

आता या मजकुरातला खरा अंश. वर्गाचा संगीतावर परिणाम होतो आणि तो खोलवर होतो. मात्र हात, वाद्य, वेळ आणि जागा यांच्या वाटेने होतो. ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबणारा हात तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, बारीक तारा लावल्या, आणि 1971 च्या अल्बममध्ये गायकाने पट्टी उतरवावी तसे गिटारचे सूर तीन अर्धस्वरांनी खाली आणले, ज्यामुळे तारांचा ताण कमी झाला. आज हेवी मेटलचा म्हणून जो जड, खर्जातला नाद आपण ओळखतो, त्यात कारखान्यातल्या त्या अपघाताचा वाटा आहे. आयोमीचे दुःख पवित्र होते म्हणून हा नाद आला नाही. दुखऱ्या बोटांनी तार दाबण्याची सोय शोधताना तो सापडला.

असेच मला माझ्या वर्गात दिसते. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीकडून येणारा एक मुलगा बास गिटार वाजवतो. त्याचे वडील लग्नसराईत साउंड भाड्याने देतात. नव्या तारांचा संच परवडत नाही, म्हणून तो जुन्या तारा काढून आईने दिलेल्या काळपट पातेल्यात उकळतो, फडक्याने एकेक तार पुसतो आणि मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर पसरतो. मळ सुटतो, तार थोडे दिवस पुन्हा बोलते, मग परत बसते. त्या बसलेल्या तारांवरच त्याने आपला गोल, आखूड ठोका बसवला आहे, आणि नव्या तारा दिल्या तर त्या फार खणखणतात म्हणून तो तक्रार करतो.

सुखवस्तू मुलांनी रॉक निर्जीव केला, हे तिसरे विधान. जेनेसिस या बँडचे संस्थापक चार्टरहाउससारख्या महागड्या शाळेतले होते, हे मान्य; पिंक फ्लॉइड या बँडचे तिघे वास्तुकला शिकताना भेटले, हेही मान्य. त्यांची लांबलचक रचना कोणाला आवडो वा न आवडो, ती निर्जीव आहे असे सिद्ध कशावरून होते? क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने 1963 पासून वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार बनवली, कारण दुकानातली परवडत नव्हती: जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. पैसा नव्हता, पण वडील अभियंता होते आणि हत्यारे घरात होती. मध्यमवर्गाकडून मिळालेला वारसा तो हाच.

ब्रिटनमध्ये हे सगळे एकत्र येऊ शकले, त्याचे एक साधे कारण होते. शालेय परीक्षेत नापास झालेल्या लेननला 1957 मध्ये कला महाविद्यालयात जागा मिळाली; कीथ रिचर्ड्स, पीट टाउनशेंड, रे डेव्हिस हे रॉक वादकही अशाच महाविद्यालयांतले. 1962 च्या कायद्याने पदवीच्या विद्यार्थ्यांना निर्वाहभत्ता देणे स्थानिक प्रशासनांवर बंधनकारक झाले. शिकताना पोटाची चिंता नसल्यामुळे कामगाराच्या मुलालाही दोन-तीन वर्षे मोकळी मिळाली. 1998 मध्ये शुल्क आले आणि लवकरच भत्त्याची जागा कर्जाने घेतली. रागवायचेच असेल तर यावर रागवावे.

भारतातल्या रॉकबद्दलचे शेवटचे विधान निम्मे बरोबर आहे. इंग्रजी गाणी आणि महाग वाद्ये यांमुळे तो बराच काळ मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयीन मुलांपुरता राहिला. पण भीमजयंतीच्या मंचावर आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात बास गिटार आणि ऑक्टोपॅड वाजवणारे हात नागपूरच्या वस्त्यांमधलेच आहेत.

ज्याला हिणवले गेले, त्या धरमपेठेतल्या मुलाच्या गच्चीवरच्या खोलीतच त्याच्या आणि इंदोऱ्याच्या बासवाल्या मुलाच्या बँडचा सराव चालत असे. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, ॲम्प्लिफायर त्याचा, आणि तो दुरुस्त करणारे बासवाल्याचे वडील. तो यायचा थांबल्यापासून ती खोली बंद आहे, आणि उकळलेल्या तारा लावलेला बास दोन आठवड्यांपासून माझ्या वर्गात भिंतीला टेकून उभा आहे.