तंबूतला संसार

निसर्गाच्या कुशीत एक रात्र काढायला काय लागतं? आठ महिन्यांची मुलगी सोबत असेल, तर फ्रीज सोडून सगळं लागतं. नाचणीचं सत्त्व, मेतकूट, मऊ भातासाठी छोटा कुकर, थर्मास आणि सासूबाईंनी ऐन वेळी पिशवीत कोंबलेली गुटीची सहाण. या सगळ्यापासून जरा सुटका म्हणूनच तर आम्ही निघालो होतो.

ताम्हिणीत थोरल्याला दोनदा उलटी झाली. पुढे माणगाव, मंडणगड, दापोली करत कर्द्याला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. ओहोटी लागलेली, समुद्र पार लांब. तंबू सुरूच्या बनात लावून ठेवले होते. पण लाटांच्या शेजारी झोपायचं, हे नवऱ्याने पुण्यातच ठरवलं होतं. तिथला पोऱ्या म्हणाला, "साहेब, आज पुनव हाय."

"म्हणून तर आलो!" नवरा म्हणाला, आणि तंबू पुढे वाळूत गेला.

आता वाळू. मोठ्या माणसाच्या ती फार तर पायाला लागते. तान्ह्या मुलीच्या मानेच्या वळीत, मांडीच्या वळीत, घट्ट मिटलेल्या मुठीत आणि मुख्य म्हणजे डायपरमध्ये जाते. डायपर फुगतो आणि त्याच्या कडेच्या रबराला ओल्या वाळूची झालर लागते. ती ओल्या फडक्याने पुसायची नाही, कातडी लाल होते. वरून कोरडं कॉर्नफ्लॉवर भुरभुरायचं आणि मऊ कपड्याने अलगद झटकायचं. कॉर्नफ्लॉवर मी सूपसाठी आणलं होतं. सूप पातळच प्यालो.

धाकटी झोपली, की थोरल्याला शू. तंबूची चेन कितीही हळू ओढा, सर्रर्र होतेच, आणि त्या आवाजाला आमची धाकटी घरच्या मिक्सरपेक्षा जास्त घाबरते. संडास बनापलीकडे. काळोखात अनवाणी पायाखाली सुरूची फळं येतात. असतात बोराएवढी, पण टोचतात अशी, की चांदणं वगैरे काही सुचत नाही. डास जाळीबाहेर राहिले. मुरकुटं मात्र जाळीतूनही आत आली.

नऊच्या सुमारास सासूबाईंचा फोन. गुहागरात वाढलेल्या आहेत.

"आज पौर्णिमा ना? पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार. सव्वाअकराला भरती, तीही उधाणाची. पोरं कुठे निजवल्येत?"

तिथीला तिनाने गुणून चाराने भागलं, की भरतीची साधारण वेळ येते. किनाऱ्यावरच्या माणसांना हे पाढ्यांसोबतच येतं. नवरा इंजिनिअर आहे. त्याने भरतीचं अ‍ॅप उघडलं. रेंज नव्हती, ते गोल गोल फिरत राहिलं.

फिरणं थांबलं नाही, पाणी मात्र आलं. साडेदहालाच एक लाट तंबूच्या खुंटीला फेस लावून गेली. मी धाकटीला उचललं, नवऱ्याने कुकर उचलला. (का, हे मी अजून विचारलेलं नाही.) बनातली गिटारवाली कॉलेजची पोरं धावत आली, त्यांनी खुंट्या उपटून चार कोपरे धरले आणि शिमग्यातल्या पालखीसारखा तंबू निघाला. आत थोरला गाढ झोपलेला. गुलालाची तेवढी कमी होती.

सकाळी मालकीणकाकूंनी न विचारताच धाकटीला पायांवर घेतलं, खोबरेल चोळलं, चुलीवरचं कढत पाणी विसावून आंघोळ घातली. रात्रभर किंचाळलेली पोरगी त्यांच्या पडवीत पंख्याखाली पाच मिनिटांत झोपली. आम्हीही तिच्याशेजारी आडवे झालो. उठलो ते दुपारी, आंबोळ्यांच्या वासाने.

निघताना बिल पाहिलं. पंख्याच्या खोलीपेक्षा तंबूचं भाडं जास्त.

"असं कसं, काकू?"

"खोलीत काय, झोप लागते," काकू म्हणाल्या. "तंबूत एक्स्पीरियन्स असतो."

नवऱ्याने मुकाट्याने फोन काढला आणि क्यूआर कोड नीट दिसावा म्हणून कॅमेऱ्यावरची वाळू फुंकायला लागला.